आईच्या कॅलेंडरवरचा नऊचा आकडा

आई,

नमस्कार-बिमस्कार नंतर. आधी मला सांग, तो नऊचा आकडा कशाचा आहे?

तुझ्या शेवटच्या कॅलेंडरवर, श्रावणातल्या एका मंगळवारच्या चौकोनात तू निळ्या पेनाने नऊ लिहिलायस. दुधाचा म्हणावा तर तू अर्धा लिटर घ्यायचीस. गॅस आला की तू सरळ 'टाकी' लिहायचीस. मग घाटाच्या पायऱ्याच ना? पायऱ्याच असतील तर मी फार मोठा घोळ घालून ठेवलाय, आणि नसतील तर उगाच जीव काढतेय. दोन्हीतलं काय खरं, ते सांगायला तू नाहीस!

आज शनिवार. कारखान्यात पहिली पाळी करून आले, जेवणसुद्धा नाही केलं, आणि सुप्याच्या खोलीत ते कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलेय. फोनमध्ये एक मेसेज लिहून ठेवलाय. तो पाठवू की नको, काही केल्या ठरत नाही. धरण काठोकाठ भरलंय, पाणी कधीही सोडतील. तुझ्या लाडक्या लेकाला, दत्ताला विचारलं तर म्हणतो, "झालं ते झालं ताई, आता कशाला उकरतीस?" म्हणून तुला लिहितेय. तू गेल्याला दोन वर्षं होत आली आणि तुला पत्र लिहायचं मला आत्ता सुचतंय. तुझ्या लेकीला शोभतंय म्हणा!

तुझी ती जुनी सवय मला अजून दिसते. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की धुण्याची बादली घेऊन घाटावर जायचीस, धुणं राहायचं बाजूला, आधी पायऱ्या मोजायचीस. वरून खाली. किती बुडाल्या ते गावातले पुरुष मोजायचे, तू किती कोरड्या उरल्या ते मोजायचीस. घरी आलीस की ओल्या हातानेच कॅलेंडरच्या चौकोनात आकडा. मग भिंतीवरून शेवंताकाकूला हाक: "शेवंते, सात उरल्या गं! सहा झाल्या की उचलायचं!"

लहानपणी मला ते कोडंच वाटायचं. घाटाच्या सहा पायऱ्या अजून कोरड्या आहेत, मग आपण पिठाचे डबे माळ्यावर का चढवतोय? तू एकदाच नीट समजावलंस. आपली आळी खोलगट, मागे ओढा. नदी फुगली की ओढ्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, त्याचं पाणी उलटं फिरतं आणि मागच्या दाराने आपल्याकडे येतं. घाटावर उभं राहणाऱ्याला वाटतं, अजून लई वेळ हाय. आणि इकडे आळीत चुली विझलेल्या असतात.

हे सगळं मी केतकी मॅडमला सांगितलं बरं का. तू म्हणशील, ही कोण? सांगते.

तू गेल्यावर वर्षभराने दत्ताच्या घरी एक मुलगी आली. पुण्याच्या एका संस्थेत पुरांवर अभ्यास करते. वय असेल तिशीच्या आत, पायात चिखलाचे बूट, आणि प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी. तिने एक गट केलाय मोबाईलवर. प्रवरेच्या काठची गावं, तहसीलची माणसं, कॉलेजचे प्राध्यापक, पूर आला की धावणारी पोरं, सगळे त्यात. कुणाकडे पावसाची नोंद, कुणाकडे जुने फोटो, कुणी आपल्या विहिरीची पातळी लिहून ठेवलेली. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने तिथे टाकायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. तिचं एकच पालुपद, "ताई, माहिती एकाच्या कपाटात राहिली तर ती कुणाच्याच कामाची नाही."

आणि आपल्या माळ्यावर तुझी कॅलेंडरं! पंधरा-सोळा वर्षांची, सुतळीने बांधलेली. मी ती तिच्यापुढे ठेवली तेव्हा ती मुलगी खाली बसली गं. चक्क जमिनीवर. एकेक पान उलटायची आणि म्हणायची, "हे कुणी लिहिलं? रोज?" माझा ऊर असा भरून आला! जन्मभर तुला सगळे 'पायऱ्या मोजणारी' म्हणून हसले, आणि ही शिकलेली मुलगी तुझ्या अक्षरावर बोट ठेवून वाचत होती.

मग आम्ही घाटावर गेलो. तिच्याकडे तिपाईवर ठेवायचं यंत्र होतं, दांडी होती. पायऱ्यांची उंची मोजताना तिने मला विचारलं, "घाटाचं काम झालेलं दिसतंय. पायऱ्या जुन्याच आहेत ना ताई?"

आणि मी म्हणाले, "हो, त्याच आहेत. वरून फक्त फरशी बसवलीय."

आई, हे मी कशाच्या जोरावर म्हणाले? मला माहीत नव्हतं! तू जायच्या आधीच्या उन्हाळ्यात नवा घाट झाला, तेव्हा मी इथे सुप्यात होते. त्यानंतर त्या पायऱ्या मी एकदाच उतरले, तुझ्या अस्थी घेऊन, आणि तेव्हा मला पाय कुठे पडतोय हेही दिसत नव्हतं. तरी म्हणाले, हो, त्याच. कारण मी 'या गावची लेक' होते ना! पुण्याच्या मुलीपुढे 'माहीत नाही' कसं म्हणायचं? कारखान्यात मी दिवसभर व्हर्निअर घेऊन पार्ट तपासते. केसाएवढा फरक दिसला तरी पार्ट बाजूला काढते. आणि इथे अख्खा घाट पास करून टाकला.

पुढचं सगळं फार थाटात झालं. नगरला त्या गटाची मोठी बैठक झाली (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ वळत नाही). भल्या मोठ्या पडद्यावर तुझ्या कॅलेंडरचं पान लावलं होतं. तुझा सहाचा आकडा हा एवढा, माझ्याएवढा उंच! माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी वेड्यासारखी रडत होते. तुला हे आवडलं असतं का गं? की 'कशाला एवढा तमाशा' म्हणाली असतीस? मला खरंच कळत नाही.

तुझ्या आकड्यावरून घाटावर लाल पट्टा मारला. वरून सहा पायऱ्या सोडून. पाणी पट्ट्याला लागलं की गटातून मेसेज जाणार आणि आपली आळी रिकामी करायची. तुझा आकडा खालच्या गावांनीही घेतला आणि त्यावरून आपापले पट्टे मारले.

मागच्या पंधरवड्यात धरणातून पाणी सोडलं. दुपारची वेळ, आळीत बायका तेवढ्या घरी. मेसेज आला खरा, पण तो येईतो शेवंताकाकूच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी! तिने गव्हाचं पोतं एकटीने उचलायला घेतलं, पाय घसरला, मनगट मोडलं. फोन वाजला तेव्हा ती बाजेवर बसून कण्हत होती आणि बाजेखालून तिच्या चपला वाहत चालल्या होत्या.

जीव वाचला सगळ्यांचा. पण नंतर पारावर काय बोलले माहितीये? "म्हातारीनं कायतरी खरडून ठेवलं आन यांनी त्याच्यावर गाव चालवलं." हे दत्ताने ऐकलं आणि खाली मान घालून घरी आला. गटातही एका प्राध्यापकांनी लिहिलं की अशा घरगुती नोंदींवर विसंबणं धोक्याचं, सोमवारच्या बैठकीत त्या वगळण्याचा निर्णय घ्यावा. केतकीने फक्त एवढंच लिहिलं, "आधी तपासू." तीही गोंधळलेली असावी बिचारी.

मला राग आला. तुझा! हो, तुझाच. एवढी वर्षं लिहीत होतीस तर नीट का नाही लिहिलंस? एक ओळ लिहायला काय झालं होतं, की हे असं मोजते, इथून मोजते? मग तुझ्यावर चिडले म्हणून स्वतःवर चिडले. त्या तिरमिरीत ट्रंक उघडली आणि हे शेवटचं कॅलेंडर काढलं.

हे मी केतकीला दिलं नव्हतं. गठ्ठ्यातून आधीच काढून सुप्याला आणलं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आईचं शेवटचं अक्षर आहे, देववत नाही. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. तुला माहितीये मी ते का लपवलं.

त्यात जागोजागी लिहिलंय, 'सुरेखाचा फोन नाही.'

एका महिन्यात पाच वेळा. पुढच्यात त्याहून जास्त. मला ओव्हरटाईम असायचा, मग थकवा असायचा, मग उद्या करू असायचं. तू कधी तोंडाने बोलली नाहीस, 'तू कामात असशील' एवढंच म्हणायचीस, आणि इथे नदीच्या पाण्यासारखी रोजची नोंद ठेवत होतीस! लोकांना हे कसं दाखवू, सांग बरं? केवढी लाज वाटली मला. म्हणून मी ते पान कधी नीट वाचलंच नाही. ते तीन शब्द दिसले की डोळे मिटून घ्यायचे. नऊचा आकडा त्यांच्या शेजारीच होता, एकाच चौकोनात. दोन वर्षं माझ्याकडे होता आणि मला दिसला नाही.

तो दिसल्यावर शेवंताकाकूला फोन केला. म्हटलं, "काकू, आई शेवटच्या पावसाळ्यात पायऱ्या किती धरायची?"

काकू म्हणाली, "नऊ की! नव्या घाटाला नऊ धरायचं. जुन्या पायऱ्या लई उंच हुत्या, गुडघ्याला लागायच्या. त्या उपटल्या आन बारक्या बारक्या बसवल्या. तुज्या आईनं पहिल्याच पाण्याला मोजून सांगितलं हुतं, आता सहा न्हाई, नऊ."

मी उडालेच. "मग लाल पट्टा सहावर मारला तेव्हा तुम्ही कुणी बोलला का नाही?"

"आमाला कुनी इचारलं गं? यंत्र लावून मोजत हुते. वाटलं, शास्त्रात तसं असंल."

आई, मी हसू की रडू? आळीतल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं! आणि मी, जिला काहीच ठाऊक नव्हतं, मी 'हो, त्याच' म्हणून मोकळी झाले. तरी काकूला मी कोर्टात नेल्यासारखं पुन्हा पुन्हा विचारलं. नक्की नऊ? आठ नाही? शेवटी ती वैतागली, "हात मोडलाय माजा, डोकं न्हाई!"

एवढं होऊनही माझं मन धजत नाही बघ. काकूची आठवण चुकत असेल तर? मी एकदा चुकीचं सांगून बसलेय, पुन्हा दुसरं चुकीचं सांगितलं तर? केतकीला विचारलं, नुसतं सांगून चालेल का? ती म्हणाली, "ताई, तोंडी माहिती आता ते मानणार नाहीत. पानाचा फोटो टाका. आणि पूर्ण पान टाका, कापलेलं नको, नाहीतर त्यावरही शंका घेतील."

पूर्ण पान! म्हणजे ते तीन शब्द अडीचशे लोकांपुढे. मी फोटो काढला. मग कापून बघितला, फक्त नऊचा चौकोन राहील असा. चौकोनातच शब्द आहेत, शब्द काढले तर आकड्याचा पाय जातो. अंगठा ठेवून काढला, तर अंगठाच डोळ्यात भरतोय. तासभर मी हेच धंदे करतेय. चहा दोनदा गार झाला. एक मन म्हणतं, काकूलाच बोलू दे, तुझं नाव कशाला मध्ये? दुसरं म्हणतं, सुरेखे, पाणी काय सोमवारपर्यंत थांबणार आहे का?

थांब जरा. पाठवते.

पाठवला, आई. पूर्ण पान. खाली लिहिलं, "आकडे माझ्या आईचे बरोबर आहेत. घाट नवा झाला हे मी सांगितलं नाही, पायऱ्या त्याच आहेत असं मी खात्रीने म्हणाले, ती चूक माझी. तिच्या जुन्या सहा म्हणजे आताच्या नऊ. लाल पट्टा तीन पायऱ्या वर बसलाय. शेवंताकाकूंना आणि आळीतल्या बायकांना विचारा, त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे."

अक्षर बघतेयस ना कसं येतंय ते?

पहिल्यांदा एकाने नुसता अंगठा दाखवला. अंगठा! त्याचा अर्थ काय घ्यायचा? मग प्राध्यापकांनी लिहिलं, "हे आधी सांगायला हवं होतं." हवंच होतं की. मी 'हो' लिहिलं. केतकीने सगळ्यांना विचारलं, आणखी कुठल्या गावात घाटाचं काम झालंय? तिलाही तेव्हाच शेजारपाजारच्या बायकांना विचारायचं सुचलं नाही म्हणून तिने माफी मागितली. तिची काय चूक सांग? तिने विचारलं होतं. चुकीच्या बाईला विचारलं, एवढंच.

आणि मग मला फोन आला. नंबर अनोळखी. खालच्या एका गावातली बेबीताई म्हणून बाई आहे, नवऱ्यामागे गोठा सांभाळते. गटात आहे, पण कधी लिहीत नाही. म्हणाली, "फोटू बघितला. मंगळवार बघितला. ताई, त्या दिवशी तुमच्या आईचा मला फोन आल्ता."

मला काही समजेना. म्हटलं, "तुम्हाला? तुमची कशी ओळख?"

"वळख कशाची? एकदा येष्टीत शेजारी बसलो हुतो. माझं घर नदीला लागून हाय म्हनल्यावर त्यांनी नंबर घेतला. तवापासून पानी वाढलं की फोन. त्या दिवशी म्हनल्या, नऊ उरल्या, आमच्या आळीत पानी आलं, तू जनावरं सोड. मी सोडली. सगळी वाचली. त्या गेल्याचं मला लई उशिरा कळलं. फोन यायचा बंद झाला तवा."

ती पुढे म्हणाली की त्यांचाही घाट नवा आहे, त्यांचाही पट्टा तुझ्या सहावरून मारलाय, आणि त्यांच्याकडे कुणी येऊन बघितलेलंच नाही.

आई, म्हणजे त्या मंगळवारी तुझ्या स्वतःच्या घरात पाणी शिरत होतं आणि तू येष्टीत भेटलेल्या बाईला फोन करत होतीस. मग मला का नाही केलास गं? एक बटण तर दाबायचं होतं! तुझ्या लेकीला का नाही सांगितलंस की घरात पाणी आलंय? मी कामात असेन म्हणून? असते कामात, तरी उचलला असता. उचलला असता का मी? मला आता तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हेच मला आतून खातंय, आणि याचं उत्तर कुठल्या कॅलेंडरात नाही.

उद्या पहाटेच्या एसटीने निघतेय. केतकी परस्पर येतेय. शेवंताकाकू प्लास्टरसकट घाटावर उभी राहणार म्हणते, "पायऱ्या मी मोजनार, यंत्र मागनं लावा." आपला पट्टा खरवडून नऊवर मारायचा आणि तसंच पुढे बेबीताईच्या गावाला जायचं. तिथल्या बायकांना आधी विचारायचं. मला जे माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं, मग समोर कुणी का असेना.

आणि एक शब्द देते. धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की बेबीताईला फोन मी करीन. मशीन चालू असो, सुपरवायझर डोळे वटारो, आधी फोन. तिचा नंबर मी तुझ्या नावाखाली ठेवलाय, कारण तुझं नाव फोनमधून काढायचं मला अजून जमलेलं नाही.

रागावली असशील तर राग ठेव. फोन केला नाही म्हणून माफी मागते,

तुझी
सुरेखा